त्या पोरीच्या घरी कळवलं का?

माणसाने चारचौघांत आपली आवड सांगावी ती शोभेशी असावी, असा एक अलिखित संकेत आहे. कुणाला अभिजात संगीताची आवड असते, कुणाला जुन्या नाण्यांची, कुणाला गड चढण्याची. अशी आवड सांगितली म्हणजे ऐकणाराच्या मुद्रेवर थोडा आदर उमटतो आणि सांगणाराचीही मान ताठ होते. मला मात्र गेली चाळीस वर्षे अशा एका गोष्टीचा नाद आहे की, तिचे नाव काढताच समोरचा मनुष्य आपली खुर्ची किंचित मागे सरकवतो. मला खुनाचे चित्रपट आवडतात. खून कुणी केला, याचा बुद्धीने छडा लावणारे गुप्तहेरांचे चित्रपट नव्हेत. ते आवडणे प्रतिष्ठेचेच समजले जाते. माझी आवड आहे ती मुखवटा घातलेला, बहुधा मुका असा एक मनुष्य हाती सुरी घेऊन तरुण मुलामुलींच्या मागे लागतो, त्या चित्रपटांची. इंग्रजीत त्यांना 'स्लॅशर' म्हणतात.

माझ्या स्वभावात क्रौर्य नाही, याची ग्वाही माझ्या घरची मंडळी देतील. मी व्यवसायाने हिशेबनीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवल्या. घरात झुरळ निघाले तर ते मारण्याऐवजी कागदावर घेऊन गच्चीवर सोडणारा मी मनुष्य. मग हा नाद मला का लागला, आणि लागल्यावर सुटला का नाही, हा प्रश्न इतरांइतकाच मलाही पडलेला आहे. आज त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करावा, असे मनात आहे. पण त्यासाठी मला प्रथम इंदूरच्या एका वाड्यात जावे लागेल.

सन १९८६ मधला उन्हाळा होता. त्या काळी व्ही. सी. आर. हे यंत्र दिवसाच्या भाड्याने मिळत असे. चार पोरांनी वर्गणी काढावी, यंत्र सायकलवरून जपून आणावे, बरोबर तीनचार कॅसेटी आणाव्यात आणि भाडे पुरेपूर वसूल करण्यासाठी रात्रभर जागावे, असा तो रिवाज. त्या रात्री आतेभाऊ, मामेभाऊ, शेजारचे दोघे असे आम्ही सातआठ जण दाटीवाटीने बसलो होतो. मागे भिंतीशी माझी आई फुलवाती वळीत बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हते आणि चित्रपटाशी तिला काही कर्तव्यही नव्हते. उकाड्याने झोप येईना म्हणून ती तिथे होती, एवढेच.

कॅसेट कोणती होती, ते आज मला आठवत नाही. असल्या चित्रपटांची त्या दशकात एवढी पैदास झाली होती की आठवण न राहणेच स्वाभाविक. रानातले एक उन्हाळी शिबिर होते. एक मुलगी रात्री एकटीच हातात टॉर्च घेऊन पायवाटेने निघाली. तिने कुणाला तरी हाक मारली. उत्तर आले नाही. मग जे व्हायचे ते झाले. आम्ही पोरांनी आरडाओरड केली, टाळ्या पिटल्या. चित्रपट लगोलग पुढच्या बळीकडे वळला. आणि त्या गलक्यात मागून आईचा आवाज आला, "अरे, त्या पोरीच्या घरी कुणी कळवलं का रे?"

आम्ही पोट धरधरून हसलो. पुढे कित्येक दिवस तो आमच्या घरातला विनोद होऊन बसला. पडद्यावर कुणी मेले, की कुणीतरी हटकून म्हणायचे, "घरी कळवा रे!" आई काही रागावली नाही. ती फक्त वाती वळीत राहिली.

पुढे वय वाढले, चित्रपट पाहणे वाढले, आणि माझ्या हळूहळू असे ध्यानात येऊ लागले की, आईने त्या रात्री विनोद केलाच नव्हता. तिने एक कसोटी सांगितली होती. स्लॅशर चित्रपटांवर विद्वानांनी लिहिलेले मी पुढे बरेच वाचले. परंतु चांगला भयपट कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखायला आईच्या त्या एका प्रश्नाएवढे नेमके साधन मला आजवर सापडलेले नाही. पडद्यावर जी मेली, ती कुणाची तरी होती, हे चित्रपटाला आठवते आहे का? तिच्या घरी कुणी कळवणार आहे का?

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे अल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको'. रॉबर्ट ब्लॉकची त्याच नावाची कादंबरी १९५९ साली निघाली आणि १९६० साली चित्रपट झळकला. हिचकॉक त्या वेळी रंगीत आणि खर्चिक चित्रपटांचा नामांकित दिग्दर्शक होता. तरी या चित्रपटासाठी त्याने कृष्णधवल फिल्म घेतली, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतली मंडळी हाताशी धरली आणि सुमारे आठ लाख डॉलरांत काम उरकले. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी त्याने चित्रगृहांना अटच घातली होती.

त्यातले न्हाणीघराचे दृश्य न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. उण्यापुऱ्या पाऊण मिनिटाचे ते दृश्य. पण त्याच्या चित्रणाला सात दिवस लागले, आणि कॅमेऱ्याच्या जागा सत्तराहून अधिक वेळा बदलल्या. रक्त म्हणून वापरले ते चॉकलेटचे पाक. या दृश्याला संगीत नको, असे हिचकॉकचे मत होते. परंतु संगीतकार बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्यांतून ती किंचाळणारी स्वरावली रचली आणि ती ऐकल्यावर हिचकॉकने आपला आग्रह सोडला. आपल्याला वाटते, आपण फार काही भयंकर पाहिले. वास्तविक आपण पाहतो ते तुकडे असतात. सुरी, पडदा, पाणी, हात. जखम आपण आपल्या मनाने जुळवतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर जमेच्या रकमा तो देतो आणि बेरीज आपण करतो.

पण 'सायको' मोठा का, याचे कारण मला त्या पाऊण मिनिटात सापडत नाही. ते त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. मरणारी मॅरियन क्रेन हिला आपण तोवर चांगले ओळखू लागलेलो असतो. तिने मालकाचे चाळीस हजार डॉलर चोरलेले आहेत. पळून जाताना तिचा जीव थाऱ्यावर नाही. त्या आडवाटेच्या मोटेलमध्ये मालकाशी बोलता बोलता तिला आपली चूक उमगते. परत जावे, पैसे परत करावेत, असे ती ठरवते. खर्च झालेल्या पैशांचा हिशेब कागदावर मांडते, तो फाडून टाकते आणि हलक्या मनाने स्नानाला जाते. म्हणजे मरते ती चोर स्त्री नव्हे. सुधारायला निघालेली स्त्री मरते. आणि पुढे? पुढचा सगळा चित्रपट म्हणजे माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मॅरियनची बहीण तिला शोधत येते. प्रियकर येतो. गुप्तहेर येतो आणि जिवाला मुकतो. तरी बहीण थांबत नाही. त्या भयाण घराच्या तळघरापर्यंत जाते. चित्रपटाचे अगदी अखेरचे चित्र आठवा. दलदलीत बुडवलेली मॅरियनची गाडी साखळीने बाहेर ओढली जात आहे. मेलेली मुलगी दलदलीत तशीच राहणार नाही. घरी कळेल, एवढे आश्वासन देऊनच हिचकॉक आपल्याला बाहेर सोडतो.

त्याच वर्षी, 'सायको'च्या दोनतीन महिने आधी, इंग्लंडात मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' प्रदर्शित झाला होता. त्यातला खुनी चित्रपटाच्या स्टुडिओत कॅमेऱ्याचे काम करणारा एक लाजाळू तरुण आहे. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायाला त्याने पाते बसवलेले आहे. मरणाऱ्या स्त्रीच्या मुद्रेवरील भीती तो टिपतो आणि मग अंधाऱ्या खोलीत एकटाच ती पुन्हा पुन्हा पाहत बसतो. अंधारात बसून दुसऱ्याची भीती पाहणारा! हे वर्णन आपलेच आहे, हे प्रेक्षकांच्या आणि टीकाकारांच्या ध्यानात आले असावे. टीकाकारांनी त्या चित्रपटाची अशी काही चामडी लोळवली की 'द रेड शूज'सारखा चित्रपट देणाऱ्या पॉवेलची मायदेशातली कारकीर्दच खुंटली. पुढे मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या दिग्दर्शकाने त्याची बाजू उचलून धरली, तेव्हा कुठे त्याला न्याय मिळाला. या चित्रपटात खुन्याचे अंतरंग सर्वांआधी ओळखते कोण? खालच्या मजल्यावर राहणारी एक आंधळी आई. रोज रात्री वरून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून तिला सारे उमगलेले असते. पाहण्याच्या नादाने वेडा झालेला तो तरुण, आणि न पाहताही सर्व जाणणारी ती आई! माझ्या घरातला भिंतीशी बसलेला प्रेक्षक मला इथे आठवल्यावाचून राहत नाही.

स्लॅशर चित्रपटांचे दुसरे मूळ मोजदादीत आहे. एका एकाकी ठिकाणी माणसे जमतात आणि एकेक करून कमी होत जातात. हा साचा अगाथा ख्रिस्ती यांनी १९३९ साली आपल्या कादंबरीत पक्का केला. आपल्याकडे १९६५ साली राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाने 'गुमनाम'मध्ये तोच साचा वापरला. नाचगाणी आणि मेहमूदची विनोदी करामत यांच्या आडून तिथेही प्रेत मोजण्याचा खेळ चालतो. या साच्यात रंजकता आहे खरी. पण एक धोकाही आहे. माणसे एकदा मोजायला घेतली, की ती माणसे राहत नाहीत, आकडे होतात. मी जन्मभर आकड्यांत वावरलो. आकड्याला आई नसते, हे मला पुरते ठाऊक आहे.

या धोक्याच्या उंबरठ्यावर उभा राहूनही जो घसरला नाही, असा एक चित्रपट कॅनडात १९७४ साली निघाला. बॉब क्लार्कचा 'ब्लॅक ख्रिसमस'. नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहात विकृत स्वरांचे दूरध्वनी येऊ लागतात. क्लेअर नावाची एक गुणी मुलगी घरी जाण्यासाठी सामान बांधत असताना मारली जाते आणि खुनी तिला माळ्यावरच्या डोलखुर्चीत नेऊन बसवतो. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला येतात. ठरल्या जागी उभे राहून वाट पाहतात. मुलगी येत नाही. ते वसतिगृहात येतात, तिची खोली पाहतात, पोलिसांत जातात. तिथला हवालदार म्हणतो की, गेली असेल एखाद्या मित्राबरोबर. बाप खाली, लेक वर माळ्यावर. मध्ये एका छताचे अंतर! दूरध्वनी कुठून येतात याचा तपास लागतो, तेव्हा कळते की ते त्याच घरातून येत आहेत. पण माळा मात्र कुणी उघडत नाही. चित्रपट संपतो तेव्हा खुनी कोण ते आपल्याला कळलेले नसते, क्लेअर खिडकीशी तशीच बसलेली असते आणि घरातला दूरध्वनी खणाणत राहतो. इथे आईच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पण तो प्रश्न चित्रपटानेच, आपल्या तोंडून, उभा केलेला असतो. ज्याला हा प्रश्न पडतो, त्या चित्रपटाला मी क्रूर म्हणणार नाही.

चार वर्षांनी, १९७८ साली, जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' आला. तीन लाख डॉलरांहून थोडा अधिक खर्च, आणि सुमारे तीन आठवड्यांचे चित्रण. कथा शरद ऋतूतली, चित्रण मात्र वसंतात. म्हणून कागदाची पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि दृश्य झाले की पुढच्या दृश्यासाठी तीच पुन्हा गोळा करायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' या मालिकेतल्या नायकाच्या चेहऱ्याचा बाजारात मिळणारा स्वस्तातला मुखवटा. त्याला पांढरा रंग फासलेला. संगीत दिग्दर्शकानेच रचलेले, पाच मात्रांच्या अडखळत्या लयीत. नायिका लॉरीच्या भूमिकेत जेमी ली कर्टिस. 'सायको'तल्या मॅरियनचे काम करणाऱ्या जॅनेट लीची ही मुलगी. एवढ्या भयंकर म्हणून गाजलेल्या चित्रपटात रक्त जवळजवळ नाहीच. आहे ती वाट पाहणे. उन्हात, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांमागे, कुंपणाच्या वळणावर, एक आकृती उभी असते आणि पुन्हा पाहावे तो नसते.

पण त्या चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य कोणते, असे मला विचाराल तर मी मुखवट्याचे नाव घेणार नाही. जखमी लॉरी किंचाळत रस्त्यावर येते आणि एका शेजाऱ्याचे दार ठोठावते. ओसरीवरचा दिवा लागतो. खिडकीची पट्टी हलते. कुणीतरी बाहेर पाहते. आणि दिवा मालवला जातो. बस, एवढेच. मुखवटेवाला मनुष्य कल्पनेतला आहे, तो आपल्या गल्लीत यायचा नाही. पण मालवलेला तो दिवा आपल्या गल्लीत आहे. कदाचित आपल्याच घरातला आहे.

आपल्या महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली त्याची कथा सर्वांना पाठ आहे. रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या. मराठी माणसाने सुरीची ही भीती हसत हसत घरात घेतली. तरीही त्या हसण्याच्या तळाशी हेच आहे. लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगत राहतो आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवीत नाही. दार न उघडणारा शेजारी इथेही आहे. फक्त आपण त्याच्याबरोबर हसत असतो.

'हॅलोवीन'पासून एक नवी व्यक्तिरेखा ठसठशीत झाली. सर्व मरतात आणि अखेर एक मुलगी उरते. ती पळते, लपते, आणि शेवटी वळून उभी राहते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ साली एका निबंधात तिला 'फायनल गर्ल' असे नाव दिले. आपण तिला 'अखेरची मुलगी' म्हणू. हे चित्रपट स्त्रियांना भयभीत करून त्यांच्या भीतीचा बाजार मांडतात, असा आक्षेप आहे, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. क्लोव्हर यांनी त्यात भर घातली ती अशी की, त्या अंधारात बसलेला तरुण पुरुष प्रेक्षक अखेरीस त्या मुलीच्याच जागी जाऊन बसतो. तिच्याच श्वासाने श्वास घेतो. माझा अनुभव तसाच आहे. त्या रात्री वाड्यात टाळ्या पिटणारे आम्ही सातआठ जण शेवटच्या वीस मिनिटांत चिडीचूप झालो होतो, एवढे मला पक्के स्मरते.

१९८० साली शॉन कनिंगहॅमचा 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. इथे खुनी कोण निघते? एक आई. शिबिरातल्या मार्गदर्शकांनी दुर्लक्ष केले म्हणून जिचा मुलगा तळ्यात बुडाला, ती आई. मुलाचे काय झाले हे जगाला आठवत नाही, म्हणून ती जगाला सुरीने आठवण करून देते. कल्पना विकृत असली, तरी तिच्या मुळाशी शोक आहे. परंतु या चित्रपटाने पैसा केला, आणि पैशाला शोक नको होता. त्याला पुनरावृत्ती हवी होती. १९८९ पर्यंत या मालिकेचे आठ भाग निघाले. आईच्या जागी मुलगा आला, तिसऱ्या भागात त्याने हॉकीचा मुखवटा चढवला, आणि मरणारांची नावे लक्षात ठेवण्याचे कारण उरले नाही. प्रेक्षक खुन्याच्या बाजूने टाळ्या देऊ लागले. आमच्या टाळ्यांचा उगम हाच होता. घरी कळवणार कुणाला? त्या मुलांना घरेच दिलेली नव्हती.

हा सगळा बाजार पाहून ज्याने तो उलगडून दाखवला, तो वेस क्रेव्हन. केव्हिन विल्यमसनने लिहिलेला त्याचा 'स्क्रीम' १९९६ साली आला. त्यातील पात्रांनी सर्व स्लॅशर पाहिलेले आहेत, त्यांचे नियम त्यांना मुखोद्गत आहेत, म्हणून लोक त्याला चतुर चित्रपट म्हणतात. मला तो चतुराईसाठी आवडत नाही. त्याच्या पहिल्याच प्रसंगात केसी नावाची मुलगी घरात एकटी आहे. दूरध्वनीवरचा आवाज तिला चित्रपटांविषयीच प्रश्न विचारतो. पुढे तिच्यावर वार होतात. आणि त्याच वेळी तिचे आईवडील गाडीतून घरी येतात. ती अंगणात, त्यांच्यापासून काही पावलांवर आहे. पण गळा दुखावलेला असल्यामुळे तिला हाक मारता येत नाही. आई घरात जाऊन दूरध्वनी उचलते, तो त्यातून तिला मुलीचा घुसमटलेला श्वास ऐकू येतो. वडील आईला सांगतात, मॅकेन्झींच्या घरी जा आणि पोलिसांना कळव. हे नाव 'हॅलोवीन'मधले आहे. तिथे लॉरी लहान मुलांना नेमके हेच सांगते. आमच्यासारखे नादी लोक हे ओळखून खूश होतात. पण ओळखण्याच्या आनंदाखाली दुसरेच काही आहे. ज्या प्रकारात बळींच्या घरी कळवायला कुणी उरले नव्हते, त्या प्रकारात क्रेव्हनने आईवडिलांना परत आणले. मुलीच्या हातात दूरध्वनी आहे, दुसऱ्या टोकाला आई आहे, आणि तरीही काही करता येत नाही. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझी आई हयात होती. मी तिला तो दाखवला नाही.

अलीकडच्या चित्रपटांविषयी काय सांगावे? रक्ताचे तंत्र आता इतके पुढे गेले आहे की कल्पनेला कामच उरत नाही. 'टेरिफायर' या मालिकेतला विदूषक शरीराची जी विटंबना करतो, ती करणाऱ्या कारागिरांचे कसब मी नाकारीत नाही. पण त्यांच्या हाताखालची माणसे मला मातीची वाटतात. याउलट २०१८ सालच्या नव्या 'हॅलोवीन'ने मला हलवले. डेव्हिड गॉर्डन ग्रीनने मधले सारे भाग बाजूला सारून थेट १९७८ शी नाते जोडले. लॉरी आता आजी आहे. चाळीस वर्षे ती एका रात्रीत अडकून पडली आहे. घराचा तिने किल्ला केला आहे, आणि त्या किल्ल्यापायी तिची लेक तिला दुरावली आहे. वाचलेल्या मुलीचे पुढे काय होते, हा प्रश्न कुणी विचारीत नव्हते. इथे तो विचारला गेला.

आणि २०२४ साली क्रिस नॅश या कॅनडाच्या दिग्दर्शकाचा 'इन अ व्हायोलंट नेचर' आला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ खुन्याच्या पाठीमागून रानात चालत राहतो. पार्श्वसंगीत नाही, पानांची सळसळ, पक्षी, पावले. त्यातही असह्य क्रौर्याचे प्रसंग आहेत, आणि तिथे मी मान वळवली. पण अखेरीस तो कॅमेरा खुन्याला सोडून देतो. वाचलेली एक मुलगी रस्त्यावर येते. एक अनोळखी मध्यमवयीन बाई तिला गाडीत घेते, तिच्याशी बोलत राहते, तिच्या जखमेवर पट्टी बांधण्यासाठी गाडी थांबवते. मुलीची नजर मात्र झाडीवर खिळलेली. खुनी येत नाही. येते ती फक्त त्या बाईची माया, आणि भीतीने गोठलेल्या मुलीला ती घेताही येत नाही. १९७८ साली मालवलेला तो दिवा शेहेचाळीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा लावला, असे मला वाटले.

आता, हा नाद का सुटत नाही, या प्रश्नाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात राहत होती. रोज रात्री नऊ वाजता तिचा फोन येई. एका रात्री आला नाही. मी केला, तो लागला नाही. दहा वाजले, अकरा वाजले, साडेबारा झाले. पत्नी देवापाशी बसली. मी खोलीत येरझारा घालीत होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे, काय सांगू, ठरल्या जागी उभे राहून लेकीची वाट पाहणारा तो क्लेअरचा बाप उभा राहिला. इतकी वर्षे मी त्याच्याकडे प्रेक्षक म्हणून पाहत होतो. त्या रात्री मी त्याच्या शेजारी उभा होतो. एक वाजता फोन आला. फोनची बॅटरी उतरली होती, आणि मैत्रिणीच्या खोलीत अभ्यास करता करता ती झोपून गेली होती. "बाबा, एवढं काय झालं घाबरायला?" ती म्हणाली. मी तिला काही सांगितले नाही.

मला वाटते, चांगले भयपट मी पाहतो ते मरण पाहण्यासाठी नव्हे. अंधारात बसून कुणाची तरी वाट पाहण्याचा तो सराव आहे. एखाद्या परक्या मुलीने, जिची भाषा आपली नाही आणि जी मुळात खरीही नाही, दार ठोठावले, तर आपल्या मनातला दिवा लागतो की मालवतो, हे तपासून पाहण्याची ती जागा आहे. जे चित्रपट दिवा मालवायला शिकवतात ते वाईट, मग त्यांची कारागिरी काहीही असो. जे तो लावायला लावतात ते चांगले, मग ते कितीही भयंकर असोत.

माझी आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिला इंग्रजीचे एक अक्षर कळत नव्हते आणि तिने तो चित्रपट पुरा पाहिलाही नाही. पण त्या खोलीतल्या सातआठ जणांत ती मुलगी खऱ्या अर्थाने कुणी पाहिली असेल, तर ती तिने एकटीने. आम्हांला मुलीचे मरण दिसले. तिला मुलीचे घर दिसले. आजही मी रात्री एकटा बसून असला एखादा चित्रपट पाहतो. पडद्यावर कुणीतरी टॉर्च घेऊन पायवाटेने निघते, हाक मारते आणि उत्तर येत नाही. मी आता टाळ्या पिटीत नाही. मागे भिंतीकडे एकदा पाहून घेतो, आणि मनातल्या मनात त्या मुलीचे नाव काय, ते आठवू लागतो.